शांतता आहे, शांती नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पत्रलेखिका ४२ वर्षांच्या असून लहानपणापासून ख्रिस्ती श्रद्धेत वाढलेल्या आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाने व्यवसायासाठी त्यांच्याकडून मोठी रक्कम उसनी घेतली. घरातलाच व्यवहार म्हणून कागद केला नाही. व्यवसाय बुडाला. भावाने आधी मुदत मागितली, मग तो विषय टाळू लागला आणि दीड वर्षापूर्वी आईचे निधन झाल्यानंतर ‘ते पैसे परत द्यायचे नव्हतेच, आईने मला तसे सांगितले होते’ असे म्हणू लागला. त्याच सुमारास पत्रलेखिकेच्या पतीची नोकरी गेली. पती आता घरात फारसे बोलत नाहीत आणि उपासनेलाही येत नाहीत. भाऊ मात्र त्याच मंडळीत, म्हणजे त्याच चर्चमध्ये, आहे, त्यामुळे उपासना संपली की पत्रलेखिका बाजूच्या दाराने निघून जातात. मंडळीतील एका ज्येष्ठ भगिनीने त्यांना सांगितले की क्षमा केली की शांती आपोआप येते आणि येत नसेल तर विश्वासच उणा आहे. त्यावरून एका रात्री त्यांनी भावाला ‘मी तुला मनापासून क्षमा केली आहे’ असा संदेश पाठवला. सकाळी उत्तर आले, ‘मी असा कोणता गुन्हा केला, की तू मला क्षमा करावीस?’ तेव्हापासून उरलासुरला संवादही संपला. ‘आधी भावाशी समेट कर, मग वेदीशी ये’ या वचनाच्या धाकाने त्यांनी गेले आठ महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ उपासनेत दिला जाणारा भाकर आणि द्राक्षारस, घेतलेले नाही. त्या विचारतात, ‘मी रोज पहाटे प्रार्थना करते, पण भावाचे नाव आले की शब्द घशातच अडकतात. माझा विश्वास खोटा आहे का? समेट झाल्याशिवाय मला ख्रिस्ताची शांती मिळणारच नाही का?’

ताई,

तुमचे पत्र वाचताना मी एका शब्दापाशी थबकले. सुरुवातीला तुम्ही ‘मला शांती हवी आहे’ असे लिहिता, दोन परिच्छेदांनंतर ‘घरात शांतता हवी आहे’ असे लिहिता आणि शेवटी पुन्हा शांतीवर येता. बोलण्याच्या ओघात आपण सगळेच हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, तेव्हा यात तुमची चूक काढण्याचा हेतू नाही. पण शांतता ही आवाज थांबला की होते आणि भिंतीवर पाटी लावूनसुद्धा ती राखता येते. खरे सांगायचे तर ती तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे. भाऊ बोलत नाही, पती बोलत नाहीत, उपासनेनंतर तुम्ही कोणाशी न बोलता निघून जाता आणि पहाटेच्या प्रार्थनेतही नेमक्या दुखऱ्या जागी तुमचे शब्द थांबतात. तुमचा प्रश्न शांततेने सुटणारा असता तर तो केव्हाच सुटला असता.

बायबलच्या जुन्या करारात ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर आपण ‘शांती’ असे करतो, तो ‘शालोम’ हा शब्द पूर्ण असणे, अखंड असणे अशा अर्थाच्या धातूपासून आला आहे. याच धातूपासून भरपाई करणे, देणे फेडणे या अर्थाचे क्रियापदही तयार होते आणि त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात चोरलेल्या किंवा नुकसान झालेल्या वस्तूची भरपाई करण्याचे जे नियम आहेत, त्यांत ते पुन्हा पुन्हा येते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण ‘पैशांचा विषय काढला तर शांती भंग पावेल’ ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. ज्या भाषेत शांती आणि फेड यांचे मूळ एकच आहे, त्या भाषेत लिहिलेले शास्त्र तुम्हाला तसे सांगत असेल, असे मला वाटत नाही.

आता त्या ज्येष्ठ भगिनींच्या म्हणण्याकडे वळू. त्यांचा हेतू चांगला असेल. बायबलमधल्या ईयोबाच्या, म्हणजे काही दोष नसताना सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या, मित्रांचाही चांगलाच होता. ते आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि त्याचे दुःख पाहून एक शब्दही बोलले नाहीत. जेव्हा ते बोलू लागले आणि ‘तुझ्यातच काही उणे असणार’ असे सुचवू लागले, तेव्हाच सगळे बिघडले. पुस्तकाच्या अखेरीस देवाचा राग या नीटनेटक्या स्पष्टीकरणांवर आहे, ईयोबाच्या आक्रोशावर नाही.

‘सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली देवाची शांती’ हे फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले शब्द तुम्ही तुमच्या पत्रात उतरवून घेतले आहेत. येशूचा प्रेषित पौल याने ते बंदिवासात असताना लिहिले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण त्याच अध्यायात, या वचनाच्या अवघ्या काही ओळी आधी, तो युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना एकचित्त होण्याची विनंती करतो आणि दोघींना समेटासाठी मदत कर असे आपल्या एका सोबत्याला सांगतो, हे सहसा कोणी सांगत नाही. दोघी मंडळीतल्याच होत्या, पौलाच्या बरोबरीने सुवार्तेसाठी झटलेल्या होत्या आणि तरीही त्यांच्यात इतके बिनसले होते की ते दूर तुरुंगापर्यंत पोहोचले. त्यांचे पुढे जुळले की नाही, हे शास्त्रात कुठेच नोंदलेले नाही. शांतीचे हे सर्वपरिचित वचन अशा न मिटलेल्या भांडणाच्या शेजारी उभे आहे, आणि पौलाने कोणालाही ‘तुमचे भांडण आहे, म्हणून तुमचा विश्वास उणा’ असे म्हटलेले नाही. येशूनेही ‘मी आपली शांती तुम्हाला देतो’ हे शब्द एखाद्या निवांत दुपारी उच्चारलेले नाहीत. ते त्याच्या अटकेच्या रात्रीचे आहेत. त्यानंतर काही वेळातच तो गेथशेमाने बागेत इतका व्याकूळ झाला की ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ असे तो सोबत्यांना म्हणाला आणि ते झोपी गेले. शांती देणाऱ्याची स्वतःची ती रात्र अशी गेली असेल, तर घशात शब्द अडकणे हा अविश्वासाचा पुरावा कसा ठरेल?

तुमच्या प्रार्थनेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक’ हे वचन तुम्ही स्वयंपाकघरात लावले आहे, असे तुम्ही लिहिता. ते ५५व्या स्तोत्रातले बाविसावे वचन आहे. आपण ते एकटेच उचलून भिंतीवर लावतो आणि ज्या स्तोत्रातून ते आले ते मागेच राहते. एकदा ते सबंध स्तोत्र वाचा. कवी प्रारंभीच सांगतो की त्याच्या काळजाला वेदना होत आहेत, त्याला कापरे भरले आहे आणि पारव्यासारखे पंख असते तर आपण दूर उडून गेलो असतो. मग बाराव्या वचनापासून खरे कारण कळते. निंदा करणारा शत्रू असता तर ते सोसवले असते, पण हा तर माझ्या बरोबरीचा, माझ्या ओळखीचा, ज्याच्याशी मी गोड हितगुज करत असे आणि ज्याच्यासोबत मी समुदायात मिसळून देवाच्या घरी जात असे तो माणूस आहे, असे तो म्हणतो. तुम्ही आणि तुमचा भाऊ लहानपणी हात धरून उपासनेला जात होता, असे तुम्ही लिहिले आहे. त्या स्तोत्रात तुमच्यासाठी जागा आधीच करून ठेवलेली आहे, ताई. आणि सतराव्या वचनात तो संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी आपण गाऱ्हाणे करू आणि कण्हत राहू, असे सांगतो. गाऱ्हाणे, तेही दिवसातून तीन वेळा! भार टाकण्याची गोष्ट त्यानंतर येते. ज्याचे वजन अजून सांगितलेच नाही, तो भार टाकायचा कसा?

माझा अंदाज असा आहे की तुम्ही पहाटे देवासमोर बसता तेव्हा चांगल्या मुलीसारख्या बसता. भावाच्या कल्याणासाठी मागता, कारण तसे मागावे असे शिकवले गेले आहे, आणि नेमके तिथेच शब्द थांबतात, कारण त्या शब्दांखाली राग आहे आणि त्याला अजून बोलू दिलेले नाही. पुढचे काही दिवस भावासाठी प्रार्थना करू नका. भावाविषयी करा. जे घडले ते जसेच्या तसे देवाला सांगा, न शोभणाऱ्या शब्दांसह सांगा. त्या ५५व्या स्तोत्राच्या कवीने तर आपल्या वैऱ्यांना मृत्यूने गाठावे, असेही म्हणून टाकले आहे आणि ते शास्त्रातून कोणी खोडलेले नाही. बोलता येत नसेल तर वहीत लिहा. आवाज मोठा होईल, रडू येईल, पहाटेची ती शांतता मोडेल, तर मोडू द्या.

क्षमेविषयी तुम्ही जे गृहीत धरले आहे, ते बहुतेक ख्रिस्ती घरांत गृहीत धरले जाते. क्षमा म्हणजे विसरणे, क्षमा म्हणजे पुन्हा पहिल्यासारखे वागणे आणि क्षमा म्हणजे पुन्हा विश्वास टाकणे, अशी तीन ओझी आपण एकाच शब्दावर लादतो आणि मग तो शब्द उचलला जात नाही म्हणून स्वतःला दोष देतो. योसेफाची गोष्ट आपण मुलांना बहुरंगी झग्याची गोष्ट म्हणून सांगतो, पण मला ती मोठ्यांची, आणि त्यातही भावंडांनी दुखावलेल्या मोठ्यांची गोष्ट वाटते. भावांनी त्याला गुलाम म्हणून विकले तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहून पुढे तिथला अधिकारी झाला तेव्हा ३० वर्षांचा. पुढच्या सुकाळाच्या वर्षांत त्याला मुलगा झाला तेव्हा त्याने त्याचे नाव मनश्शे ठेवले, कारण देवाने मला माझे सगळे कष्ट आणि बापाचे घर यांचा विसर पाडला, असे तो म्हणाला. आपण विसरलो आहोत, हे त्याने मुलाच्या नावातच कोरून टाकले. मग दुष्काळ पडला, भाऊ धान्य मागायला दारात आले आणि हा विसरलेला माणूस तोंड फिरवून रडला. सख्खा धाकटा भाऊ बन्यामीन समोर आला तेव्हा तो आतल्या खोलीत जाऊन रडला, तोंड धुतले, स्वतःला आवरून बाहेर आला आणि म्हणाला, ‘जेवण वाढा.’ पाहुणे घरी असताना मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून परत येणे काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या काळात योसेफाने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने धान्य दिले, पैसेही गुपचूप परत ठेवले, म्हणजे सूड त्याने केव्हाच सोडला होता. पण ‘मी योसेफ आहे’ हे त्याने लगेच सांगितले नाही. तो दुभाष्यामार्फत बोलत राहिला, त्याने त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतले आणि चोरीचा आळ यावा म्हणून बन्यामीनच्या गोणीत आपला प्याला लपवला. बन्यामीन संकटात सापडल्यावर हे भाऊ त्यालाही सोडून जातात का, हे त्याला पाहायचे होते. ज्या यहूदाने त्याला विकण्याची कल्पना काढली होती, तोच ‘याच्याऐवजी मला दास म्हणून ठेवून घ्या’ असे म्हणाला, तेव्हा कुठे योसेफाला राहवले नाही. विकल्यापासून या क्षणापर्यंत साधारण २२ वर्षे गेली होती. सूड सोडणे हे त्याच्या एकट्याच्या हातात होते आणि ते त्याने केले. नाते जुळणे मात्र दोघांच्या हातात होते आणि त्यासाठी त्याने वाट पाहिली, परीक्षाही पाहिली. पुढे १७ वर्षे सगळे एकत्र राहिले आणि बाप वारल्यावर त्या भावांना पुन्हा भीती वाटू लागली की आता हा सूड घेईल. ज्यांना क्षमा मिळाली, त्यांनासुद्धा तिच्यावर विश्वास ठेवायला इतका काळ पुरला नाही. तुम्ही स्वतःला आठ महिन्यांची मुदत घालून बसला आहात.

हा फरक येशूच्या शिकवणीतही आहे. मार्काच्या ११व्या अध्यायात तो म्हणतो की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे समोरच्याने काय करावे, याची अट नाही. लूकच्या १७व्या अध्यायात मात्र तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव आणि तो पस्तावला तर त्याला क्षमा कर, असे आहे. मला यात विसंगती दिसत नाही. पहिली क्षमा तुमच्या आणि देवाच्या मधली आहे आणि तिच्याबद्दल भावाला कळवण्याची गरज नाही. दुसरी तुमच्या आणि भावाच्या मधली आहे आणि ती त्याने चूक मान्य केल्याशिवाय पुरी होऊ शकत नाही. तुम्ही पहिली क्षमा दुसरीच्या पत्त्यावर पाठवलीत. ज्याला आपली चूक मान्यच नाही, त्याला ‘मी तुला क्षमा केली’ असे कळवणे म्हणजे खटला चालवण्याआधीच निकाल हातात देणे आहे. तुमच्या मनात तसे नव्हते, पण सकाळी तो संदेश वाचणाऱ्याला तसेच वाटले असणार.

म्हणून मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले ते वचन, ज्याच्या धाकाने तुम्ही प्रभुभोजनापासून दूर राहिला आहात, ते नीट वाचा. आपले दान वेदीजवळ आणत असता ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असे तुला आठवले, तर आधी जाऊन समेट कर, असे ते आहे. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे, असे ते नाही. बुडालेल्या पैशांचे गाऱ्हाणे तुमचे आहे, त्यामुळे त्या बाबतीत हे वचन तुम्हाला अडवत नाही. अडवत असेल तर एका लहानशा जागी, आणि ती म्हणजे तो रात्रीचा संदेश. त्याबद्दल भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध खरोखरच काहीतरी आहे. ते निस्तरणे तुमच्या हातात आहे आणि ते अवघड असले तरी मोठे नाही. त्याला हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी पाठवा: ‘त्या रात्रीचा संदेश मी पाठवायला नको होता. तो वाचून तुला वाईट वाटले असणार. त्याबद्दल मी तुझी माफी मागते.’ एवढेच. या चिठ्ठीत ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नका आणि पैशांचा उल्लेखही नको. उत्तर आले नाही तरी तुमच्या वाट्याचे काम झालेले असेल. ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहा’ असे पौल रोमकरांना लिहितो, आणि या वाक्यातल्या दोन्ही अटी त्याने विचारपूर्वक घातल्या असाव्यात.

त्यानंतर प्रभुभोजन घ्या. माणसाने आत्मपरीक्षण करावे आणि मग भाकर खावी, असे करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे. परीक्षण करून दूर बसावे, असे तिथे म्हटलेले नाही. त्या पहिल्या मेजावर कोण कोण बसले होते, हे आठवा: येशूला धरून देणारा शिष्य आणि त्याला नाकारणारा शिष्यही. मनात शंका राहिलीच तर पाळकांशी बोला. मी धर्मगुरू नाही, मागच्या बाकावर बसणारी एक बाई आहे. पण आठ महिने उपाशी राहून कोणाचे जखमी मन बरे झाल्याचे मी पाहिलेले नाही.

पैशांचा विषय या चिठ्ठीनंतर काही आठवड्यांनी, स्वतंत्रपणे काढा. त्याआधी एका कागदावर सगळे मांडून ठेवा: कोणत्या तारखेला किती दिले, रोख की बँकेतून, त्याने मुदत केव्हा आणि कोणत्या शब्दांत मागितली. मुदत मागितली होती म्हणजे ते देणे आहे हे त्याने तेव्हा मान्य केले होते, आणि हा मुद्दा साधा असला तरी महत्त्वाचा आहे. मात्र एका शक्यतेचा तुम्ही पत्रात एकदाही विचार केलेला नाही. आईने त्याला खरोखरच काहीतरी सांगितले असेल. व्यवसाय बुडालेल्या मुलाला धीर देण्यासाठी ‘राहू दे, ताई काही मागायची नाही’ असे एखादी आई सहज बोलून जाते आणि बुडणारा माणूस ते वाक्य दोराप्रमाणे धरून ठेवतो. तसे असेल तर तो चुकतो आहे, पण खोटे बोलत नाही, आणि या दोहोंत बराच फरक आहे. हे शोधून काढायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे त्याला विचारणे आणि उत्तर पुरते ऐकून घेणे. मत्तयाच्या १८व्या अध्यायातला क्रमही तसाच आहे: आधी एकान्तात दोघांनीच बोलायचे, जमले नाही तर आणखी एका-दोघांना सोबत घ्यायचे. तुम्ही आधी मंडळीतल्या भगिनीशी बोललात आणि भावाशी मात्र कधी समोरासमोर बसलाच नाहीत.

दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस शोधताना पाळकांचे नाव लगेच सुचेल. माझे मत थोडे वेगळे आहे. पाळकांना पुढेही तुम्हा दोघांची उपासना चालवायची आहे, तेव्हा हिशेब समजणारा, दोन्ही घरांशी सारखे अंतर असलेला एखादा वडीलधारा माणूस बरा. करिंथकरांनी एकमेकांवर फिर्यादी केल्याबद्दल पौल रागावतो ते वचन तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. त्याच ठिकाणी तो ‘भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय?’ असेही विचारतो, हे त्यांना सांगा. निवाड्याची गरज तोही नाकारत नाही. बसण्याआधी तुमचे तुम्ही ठरवा की किती रक्कम, किती हप्त्यांत आली तर तुम्ही समाधानी असाल. हेही ठरवा की काहीच येणार नसेल तर काय करायचे. रक्कम सोडून देण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे, पण पतीसोबत बसून, घरची गरज डोळ्यांपुढे ठेवून, दोघांनी मिळून घेतलेला तो निर्णय असला पाहिजे. थकून गप्प बसणे आणि सोडून देणे बाहेरून सारखेच दिसतात. आत मात्र एक कुजत राहते.

आणि आता तुमचे पती. साडेचार पानांच्या पत्रात त्यांच्यावर मोजून सहा ओळी आहेत. भाऊ आठवड्यातून एकदा, दुरून दिसतो. पती रोज समोर बसलेले असतात. मला राहून राहून वाटते की भावाचा राग धरून ठेवणे तुम्हाला एका अर्थी सोपे जात असावे, कारण घरात जे घडते आहे त्याकडे पाहण्याची भीती त्याहून मोठी आहे. मी चुकत असेन. पण नोकरी गेलेला माणूस घरात बसून राहतो, बायकोचे पैसे भावाने बुडवल्याचे रोज ऐकतो, त्या पैशांची उणीव आपण भरून काढू शकत नाही हे त्याला रोज समजते आणि मग तो उपासनेला जाऊन ‘कसे काय चालले आहे?’ या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी घरीच थांबतो, हे मला अविश्वासापेक्षा शरमेचे लक्षण वाटते. तुम्ही त्यांना वचने वाचून दाखवता असे लिहिले आहे. ते काही दिवस थांबवा. मराठी वाचकांना टिळक दाम्पत्याची हकीकत माहीत असते: नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यापायी संसार दुभंगला, आणि लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, पुन्हा एकत्र आल्यावर, स्वतःच्या विचाराने. श्रद्धेच्या वाटेवर नवराबायकोची पावले एकाच वेगाने पडतातच असे नाही, आणि मागे राहिलेल्याला ओढले तर तो आणखी मागे सरतो.

एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला आणि पुन्हा उठवून खायला दिले. देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो यानंतर, मोठा प्रवास झाल्यावर. तुमच्या घरातही आधी भाकरीचा क्रम आहे. संध्याकाळी दोघे बसा, घरखर्चाचा कागद समोर घ्या आणि ‘तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?’ एवढेच विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा, मधली पोकळी शब्दांनी भरू नका. ते कित्येक आठवडे नीट झोपलेले नसतील, जेवणात मन नसेल, जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे काही त्यांच्या बोलण्यात येत असेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे विनाविलंब जा. प्रार्थना आणि औषध यांत निवड करावी लागते, असे शास्त्रात कुठेही म्हटलेले नाही. सुवार्ता लिहिणाऱ्यांपैकी लूक परंपरेने वैद्य मानला जातो. हेच तुम्हालाही लागू आहे. पहाटे तुम्ही प्रार्थनेसाठी उठता की झोपच लागत नाही म्हणून उठता, हे पत्रावरून मला कळले नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. ताईंच्या प्रकरणात पैसे आणि अबोला आहे, मारहाण नाही. जिथे घरात हात उगारला जातो, धमक्या दिल्या जातात किंवा मुलांना धोका आहे, तिथे मी वर सुचवलेले एकान्तात बसणे, चिठ्ठी लिहिणे, वाट पाहणे यांतले काहीही करायचे नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जायचे, विश्वासू माणसाला आणि गरज असेल तर पोलिसांना सांगायचे. क्षमा दूर राहूनही करता येते. याकोब आणि त्याने फसवलेला भाऊ एसाव बऱ्याच वर्षांनी भेटले, गळ्यात गळा घालून रडले आणि तरीही दोघांनी दोन वेगळ्या दिशांना मुक्काम केला. त्याला कोणी अपुरा समेट म्हटलेले नाही. आपल्या लोकांचा घाव वरवर बरा करून ‘शांती, शांती’ म्हणणाऱ्यांना यिर्मया या संदेष्ट्याने फटकारले होते, आणि मार खाणाऱ्या बाईला ‘सहन कर, प्रभू पाहतो आहे’ असे सांगणारे प्रत्येक तोंड त्या फटकाऱ्यास पात्र आहे.

तुम्ही विचारले आहे की समेट झाल्याशिवाय शांती मिळणारच नाही का. मिळू शकते, आणि ती बहुधा तुमच्या अपेक्षेप्रमाणे दिसणार नाही. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढे उत्तर मिळाले. भावाचे नाव आल्यावर छातीत होणारी कळ कदाचित राहील. पण तुम्ही त्याविषयी देवाशी मोठ्याने बोलू शकाल, पतीशी कागद समोर ठेवून बोलू शकाल, भावाला ‘माझे चुकले’ आणि ‘माझे पैसे’ ही दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या दिवशी, सारख्याच आवाजात म्हणू शकाल. मला कोणी शांती कशी असते असे विचारले, तर मी याहून वेगळे काही सांगू शकणार नाही.

चिठ्ठी लिहिलीत की लगेच देऊ नका, एक रात्र तशीच ठेवा आणि सकाळी पुन्हा वाचा. आणि त्या बाजूच्या दाराबद्दल: ते सरसकट सोडा, असे मी म्हणणार नाही, काही रविवार ते लागेलच. पण चिठ्ठी दिल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पुढच्या दाराने बाहेर पडून पाहा. भाऊ समोर आला तर थांबून बोलण्याची गरज नाही. नुसती मान हलवलीत तरी चालेल.